दोडीताल, गोमुख, केदारताल: शरदातल्या भटकंतीची आखणी

गंगोत्रीला जीपमधून उतरलं की आपण कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उभे असतो, आणि तोवर एक पाऊलही चाललेलो नसतो. कळसूबाई १,६४६ मीटर, गंगोत्री सुमारे ३,१०० मीटर. हा साधा हिशोब आम्ही २०१९ साली केला नाही आणि केदारताल हे वरचं तळं न बघताच परत फिरलो.

साताऱ्यात आमचं औषधांचं दुकान आहे. मी, हे आणि माझी भाची असे तिघं सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरतोय. आपल्याकडची सवय अशी की पहाटे निघायचं, दुपारपर्यंत माथा, दिवेलागणीला घरी. त्याच सवयीने आम्ही गंगोत्रीला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी केदारतालच्या वाटेवरचा पहिला मुक्काम भोजखडक आणि तिसऱ्या दिवशी दुसरा मुक्काम केदारखडक गाठला. पाय कुणाचेच दुखत नव्हते. पण त्या रात्री ह्यांचं डोकं असं ठणकायला लागलं की टोपीसुद्धा सहन होईना. दोनदा उलटी झाली. पहाटे तंबूबाहेर आले तेव्हा सरळ चालता येत नव्हतं, दारू प्यायल्यासारखे झोक जात होते. मी औषधं विकणारी बाई, लक्षणं मला तोंडपाठ होती, तरी रात्रभर मी ‘सकाळी बरं वाटेल’ म्हणत बसले. उजाडताच खाली आणलं. भोजखडकला पोचेपर्यंत डोकं अर्ध्यावर आलं होतं, गंगोत्रीत चहा मागितला. पुन्हा गेलो तेव्हा आखणी उलट्या बाजूने केली: किती किलोमीटर चालायचं हे नंतर बघितलं, कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं हे आधी ठरवलं. तीच आखणी इथे सांगते आहे.

तीन जागा, एका जिल्ह्यात

उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यात या तिन्ही जागा आहेत, म्हणून त्या एका फेरीत बसतात. दोडीताल सुमारे ३,००० मीटरवर, देवदार आणि ओकच्या जंगलातलं तळं. गोमुख म्हणजे सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचं तोंड, जिथून भागीरथी बाहेर पडते. आणि केदारताल, ४,७५० मीटरवर, थलय सागर आणि जोगिन शिखरांच्या पायाशी. क्रम हाच ठेवायचा. दोडीतालने शरीर तयार होतं, गोमुखाने ते पक्कं होतं, मग केदारतालला हात घालायचा.

दोडीतालची निवड मी आणखी एका कारणाने करते. तिथे गणपतीचं देऊळ आहे आणि गणपतीचा जन्म इथलाच, असं तिकडचे लोक मानतात. आपण घरचं विसर्जन करून निघतो आणि चार-पाच दिवसांनी तळ्याकाठच्या देवळात पुन्हा तोच भेटतो. मी पहिल्यांदा तिथे हात जोडले तेव्हा मोदकांचा वास घरातून अजून गेला नसेल, असंच मनात आलं.

कधी जायचं

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. साधारण सप्टेंबरअखेर तिकडून पाऊस माघारी जातो, हवा धुऊन निघते आणि शिखरं दुपारपर्यंत उघडी राहतात. भूर्जाची पानं पिवळी पडलेली असतात. मे-जूनमध्ये यात्रेची जी गर्दी असते तीही ओसरलेली असते. गंगोत्रीचं देऊळ दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे तिकडच्या अन्नकूटाच्या दिवशी, हिवाळ्यासाठी बंद होतं. त्याच्या आधीपासूनच हॉटेलं आणि चहाच्या टपऱ्या मिटायला लागतात. गंगोत्री राष्ट्रीय उद्यान ३० नोव्हेंबरपर्यंत उघडं असतं, पण तोवर थांबू नका. नोव्हेंबरची थंडी आपल्यासारख्यांच्या कामाची नाही.

शरदातली हवा स्वच्छ असते, हमीची नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ ते १९ तारखांना उत्तराखंडात अवेळी मुसळधार पाऊस आणि वर बर्फ झालं. गंगोत्रीच्या वाटेवरच्या हर्सिलहून लमखागा खिंडीकडे गेलेल्या पथकातले कितीतरी जण त्यात गेले. ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगाड ओढ्याला आलेल्या लोंढ्याने गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धराली गावाचा बाजार गाडला. त्याच रस्त्याने आपल्याला जायचं आहे. म्हणून निघण्याच्या आठवड्यात रस्ता आणि हवामानाची चौकशी उत्तरकाशीतल्या कुणाकडून तरी फोनवर करा, आणि आखणीत दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवा. मोकळे म्हणजे खरंच मोकळे. ‘वेळ उरला तर मसुरी’ असं त्यांच्यापुढे लिहायचं नाही.

दिवसांचा हिशोब

मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत, नाहीतर दिल्ली गाठून पुढे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. हरिद्वार किंवा ऋषिकेशहून उत्तरकाशीला बसने अख्खा दिवस जातो. उत्तरकाशी ११५० मीटरच्या आसपास आहे, तिथे एक दिवस परवाने आणि खरेदीसाठी लागतोच. २ ऑक्टोबर आणि दसरा या सरकारी सुट्ट्या आहेत हे विसरू नका. वनखात्याचं कार्यालय बंद असलं की एक दिवस तसाच वाया जातो.

पुढचे दिवस असे. पहिल्या दिवशी संगमचट्टीकडे, रस्ता नीट असेल तिथवर जीपने, मग अगोडा किंवा बेबडापर्यंत चालत. दुसऱ्या दिवशी मांझीवरून दोडीताल. तिसऱ्या दिवशी पाठीवर फक्त पाणी आणि डबा घेऊन दरवा खिंडीच्या दिशेने चढायचं, जमेल तितकं, आणि झोपायला पुन्हा तळ्याकाठी यायचं. खिंड ४,१५० मीटरच्या जवळपास आहे, तिथून बंदरपूंछ शिखर दिसतं. खिंडीपर्यंत पोचला नाहीत तरी काही बिघडत नाही. उंचावर जाऊन खाली झोपलं की शरीर शिकतं, त्यासाठी हा दिवस आहे. चौथ्या दिवशी उत्तरकाशीला परत. हा लांबचा उतार आहे, गुडघ्यांना पट्टे बांधा.

पाचव्या दिवशी जीपने गंगोत्री, साधारण शंभर किलोमीटर. सहावा दिवस गंगोत्रीतच. देवळात जा, सूर्यकुंडाचा धबधबा बघा, तासभर वरच्या वाटेने चढून या, बस. सातव्या दिवशी चीडबासावरून भोजबासा, १४ किलोमीटर, ३,८०० मीटर. आठव्या दिवशी गोमुख बघून भोजबासालाच मुक्काम. नवव्या दिवशी गंगोत्री. दहाव्या दिवशी भोजखडक, ३,७८० मीटर. अकराव्या दिवशी केदारखडक, सुमारे ४,२७० मीटर. बाराव्या दिवशी पहाटे निघून केदारताल, आणि दुपारी परत केदारखडक. तेराव्या दिवशी गंगोत्री.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. गंगोत्री ते भोजबासा ही एकच उडी त्याहून मोठी आहे, कारण मधे राहायची नीट सोय नाही. दोडीतालच्या दोन रात्री आणि गंगोत्रीच्या दोन रात्री त्या एका उडीसाठी आहेत.

रजा दहा-बारा दिवसांचीच असेल तर केदारताल सोडा. दोडीताल आणि गोमुख करा, अगदी भरून पावाल. दोडीताल वगळून केदारताल बसवायचा मोह होतो, आम्हालाही झाला होता, आणि त्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

परवाने आणि माणसं

गोमुखाकडे रोज १५० जणांनाच सोडतात. परवाना गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा, तो उत्तरकाशीत घ्या. केदारतालचाही तिथेच विचारा. आधारकार्डाच्या चार-पाच प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि आपल्या डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र एका प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. चारधाम यात्रेची नोंदणीही करून ठेवलेली बरी, वाटेतल्या नाक्यावर विचारणा होते. पैसे उत्तरकाशीतच काढा. पुढे एटीएमवर भिस्त ठेवू नका, आणि मोबाइलवर तर नकोच. घरच्यांना सांगून ठेवा की अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तरी काळजी करायची नाही, आणि कोणत्या तारखेनंतर करायची.

गोमुखापर्यंत वाट मळलेली आहे, आपलं ओझं आपण नेता येतं. केदारतालला मात्र नोंदणी असलेला वाटाड्या घ्याच, आणि तंबू-स्वयंपाकासाठी एक भारवाहक. आमच्याबरोबरचा गढवाली मुलगा भाचीच्याच वयाचा होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याची पिशवी उघडून बघायला मागितली. त्यात एक पातळ रजई होती. मग बाजारातून भाड्याने चांगली स्लीपिंग बॅग आणि आतली चटई घेतली. हे प्रत्येकाने करावं. आपल्यासाठी जो वर झोपणार आहे तो रात्री कशावर आणि कशात झोपणार, हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. त्याचा विमा उतरवलाय का तेही विचारा.

ओझं

माझं वजन ५६ किलो, माझी सॅक ११ किलोच्या वर गेली की मी एक-एक वस्तू बाहेर काढते. स्लीपिंग बॅग शून्याखाली दहा अंशांपर्यंतची हवी, कारण ऑक्टोबरात भोजबासाला रात्री पाणी गोठतं. सुती कपडे घरी ठेवा. घामाने भिजले की वाळत नाहीत आणि थांबल्यावर तेच अंगाला गार करतात. अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, वर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं. मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी, तो दिवसा कधीही घालायचा नाही.

गॅसचे डबे आणि लायटर विमानात नेऊ देत नाहीत, ते ऋषिकेश किंवा उत्तरकाशीत घ्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. रात्री बॅटऱ्या, फोन, पाण्याची बाटली आणि गॅसचा डबा, सगळं स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्यायचं. गारठलेला डबा सकाळी ज्योत धरत नाही आणि चहाला एक तास लागतो.

खाण्याचं सांगते. केदारखडकला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ तिथे तासन्‌तास शिजत नाही. लहान प्रेशर कुकर न्यायचा नसेल तर न शिजणारं काही नेऊ नका. आमच्याकडे असतं ते असं: पोहे, भाजून ठेवलेला रवा, मेतकूट, सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, तिखटमिठाच्या पुऱ्या पहिल्या चार दिवसांना, आणि तुपाची छोटी बरणी. मऊ भात, तूप, मेतकूट हे उंचीवर जेवण नकोसं झालेल्या माणसालाही जातं. कंदी पेढ्यांचा एक डबा वेगळा, तो वाटेतल्या माणसांसाठी.

सराव दोन महिने आधी सुरू करा. मी अजिंक्यतारा आठवड्यातून चारदा चढते, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. सुरुवातीला चार लिटर, शेवटी दहा. वर पोचलं की पाणी झाडांना ओतून टाकायचं आणि रिकामं उतरायचं. चढताना दम वाढतो आणि उतरताना गुडघे वाचतात. नवे बूट याच दोन महिन्यांत वापरून पायाला बसवून घ्या, गंगोत्रीत नव्हे.

औषधं आणि उंची

दुकानात दर सप्टेंबरात कुणी ना कुणी येऊन ‘हिमालयाची गोळी द्या’ म्हणतं. ती गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ देतात, म्हणजे २५० ची अर्धी, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, यात घाबरण्यासारखं काही नाही. पाणी मात्र भरपूर प्या. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळता येत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही वर्ज्य.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, झोप न लागणं: यांतलं काही दिसलं की त्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुढे, नाहीतर खाली. आणि रोज संध्याकाळी एक परीक्षा सगळ्यांची घ्यायची. जमिनीवर सरळ रेघ ओढा आणि तिच्यावरून टाच-अंगठा, टाच-अंगठा असं दहा पावलं चालायला लावा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यात फेस येत असेल, तर उजाडायची वाटसुद्धा बघायची नाही. कंदील घ्या, माणूस धरा आणि उतरा.

गोमुखाकडे

गंगोत्रीहून थोडं पुढे कनखूच्या नाक्यावर परवाना बघतात. मग वाट भागीरथीला उजवीकडे खाली ठेवून हळूहळू चढत जाते. चीडबासा म्हणजे चीडाच्या (पाइनच्या) झाडांची जागा, भोजबासा भूर्जांची. भोजबासाला आता नावापुरतीच झाडं उरलीत, वर्षानुवर्षं ती सरपणाला गेली. गिर्यारोहक हर्षवंती बिश्त यांनी या खोऱ्यात भूर्जाची रोपं वाढवून लावली. वाटेत अशी झाडं दिसली तर सुटलेली साल ओढून घेऊ नका, आठवण म्हणूनसुद्धा नाही. साल हातात आली की कागदासारखी लागते आणि ओढावीशी वाटते, हे खरं आहे.

भोजबासाला गढवाल मंडल विकास निगमचं निवासस्थान आहे आणि लालबाबांचा आश्रम आहे. आश्रमात पंगतीला बसलात तर ताट आपलं आपण घासायचं. पाणी इतकं गार असतं की बोटं पाच मिनिटं मिटत नाहीत.

गोमुखाला जाताना मनात पांढरंशुभ्र काही तरी घेऊन जाऊ नका. हिमनदी राखाडी दिसते, वर दगड-मातीचा जाड थर असतो. जवळ गेल्यावर कळतं की त्या दगडांखाली हिरवट-निळं बर्फ आहे आणि त्यातून गढूळ पाणी घुसळत बाहेर येतंय. मधेच एखादा तुकडा सुटतो, आधी नुसतं पडताना दिसतं, आवाज क्षणभराने येतो. म्हणूनच मुखाच्या जवळ जायचं नाही, तीर्थ भरायचं तर खालच्या अंगाला भरा. ही हिमनदी मागे सरकते आहे. १९३५ ते १९९६ या काळात ती वर्षाला सरासरी सुमारे १९ मीटर सरकल्याची नोंद आहे. भाचीने वाटेवरच एकोणीस मोठी पावलं मोजून टाकली आणि मागे वळून बघितलं. एका वर्षाचं तेवढं.

केदारतालाची वाट

गंगोत्रीत केदारगंगा भागीरथीला मिळते, तिच्याच कडेने वर जायचं. पहिला चढ सरळ अंगावर येणारा आहे. भोजखडक ते केदारखडकच्या मधे एक घसरणीचा पट्टा लागतो, मोकळ्या मातीचा, वरून दगड सुटणारा. रात्री बर्फाने दगड धरून ठेवलेले असतात, ऊन आलं की ते सुटायला लागतात. तेव्हा हा पट्टा सकाळी लवकर ओलांडायचा, एकेकाने, न बोलता, वर बघणारा एक माणूस अलीकडे उभा करून. ओढेही सकाळीच ओलांडा. रात्री वितळणं थांबतं म्हणून पाणी कमी असतं, तोच ओढा दुपारी मांडीला लागतो. पण सकाळी दगडांवर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा असतो, काठी टेकवून बघितल्याशिवाय पाय ठेवू नका.

शरदात दरीत ऊन लवकर जातं. चारला डोंगराची सावली आली की दहा मिनिटांत थंडी बदलते. तीनपर्यंत तंबू उभा असायला हवा. अगदी पाण्यालगतच्या खळग्यात लावू नका, गार हवा तिथे उतरून साचते. थोडं वरच्या अंगाला, पण दगडांच्या मार्‍याबाहेर.

केदारखडकहून आम्ही पहाटे साडेचारला निघालो. शेवटचा चढ मोठ्या दगडांचा आहे, आणि वाट हरवू नये म्हणून रचलेल्या दगडांच्या छोट्या चवडी बघत जायचं. तळं अगदी शेवटच्या पावलापर्यंत दिसत नाही. आम्ही पोचलो तेव्हा काठाला वीतभर रुंदीची बर्फाची झालर होती, आणि ऊन पडल्यावर ती बारीक तडतडायला लागली, तव्यावर मोहरी पडावी तशी. पाण्यात थलय सागर, ६,९०४ मीटर. त्याचं अंग फिक्या ग्रॅनाइटचं आणि माथ्यावर काळ्या खडकाची टोपी, तीही पाण्यात उलटी दिसत होती. हे एका दगडावर बसून राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मी रेघ ओढून त्यांना दहा पावलं चालायला लावलं. नीट चालले.

तळ्याकाठी मुक्काम करू नका. अकराच्या सुमाराला वारा सुटतो, त्याआधी पाठ फिरवा. कचरा सगळा खाली आणायचा, चहाची पत्तीसुद्धा.

परतताना हर्सिलजवळ सफरचंदं आणि राजमा स्थानिकांकडूनच घ्या. त्या लोकांवर वाईट वर्षं गेली आहेत, भाव करू नका. घरी आलात की तंबू आणि स्लीपिंग बॅगा माळ्यावर टाकायच्या आधी गच्चीत दोन दिवस सावलीत वाळवा, आतली चेन उघडी ठेवून. ओल राहिली तर पुढच्या वर्षी उघडताना बुरशीचा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही.